यान बांधलं कुणी, चालवणार कोण?

टीव्हीवर एखादा इंग्रजी अंतराळपट लागला, की आपण बहुतेक जणी उठून कणीक भिजवायला जातो. 'तुमचं ते उडत्या तबकड्यांचं चालू द्या' म्हणतो आणि रिमोट नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या हाती सोपवून मोकळ्या होतो. मीही कलाशाखेची. फिजिक्सशी दहावीनंतर संबंध नाही. पण उन्हाळी शिबिरातल्या मुलींसाठी काहीतरी वेगळं शोधताना या कथा-सिनेमांतल्या यानांविषयी वाचत गेले. यानं कुणी कल्पिली, ती तशीच का दिसतात, त्यांची डागडुजी कशी होते... आणि या सगळ्यात बायका किती भेटल्या म्हणून सांगू!

पहिली भेटली ती थेआ फॉन हारबाऊ. ही जर्मन लेखिका. चंद्रावर जाणाऱ्या यानाची तिने कादंबरी लिहिली आणि तिचा नवरा फ्रिट्झ लांग याने त्यावर १९२९ साली 'फ्राउ इम मोंड' म्हणजे 'चंद्रावरची स्त्री' हा मूकपट काढला. सल्लागार होते हेर्मान ओबर्थ, रॉकेटशास्त्राच्या आद्य अभ्यासकांपैकी एक. त्यामुळे यात टप्प्याटप्प्याने सुटणारं रॉकेट आहे, उड्डाणाचा दाब सोसायला आडवं झोपायची सोय आहे, वजन नाहीसं झाल्यावर पाय अडकवायला पट्टे आहेत. आज इस्रोच्या उड्डाणाआधी आपण श्वास रोखून जी उलटी मोजणी ऐकतो, तीसुद्धा या सिनेमात आहे. यानाचं नाव 'फ्रीडे' आणि त्यात बसून जाणाऱ्या खगोलशास्त्राच्या विद्यार्थिनीचं नावही फ्रीडेच!

या थेआचा एक धागा थेट आपल्याकडे येतो. लांगपासून वेगळी झाल्यावर तिने आयुष्याची काही वर्षं काढली ती बेळगावजवळच्या बेळगुंदीच्या आयी तेंडुलकर या मराठी पत्रकाराच्या सोबतीने. तेंडुलकरांच्या कन्या लक्ष्मी तेंडुलकर धौल यांनी त्यावर इंग्रजीत पुस्तकही लिहिलं आहे. थेआ पुढे हिटलरच्या पक्षाची सभासद झाली, हेही लपवून चालणार नाही. माणूस काही एका रंगाचा नसतो. पण चंद्रावर निघालेल्या यानात बाईला तिने जागा दिली, हेही तितकंच खरं.

आता ज्या यानाने जगाला वेड लावलं त्याच्याकडे वळू या. 'स्टार ट्रेक' ही अमेरिकन मालिका ८ सप्टेंबर १९६६ रोजी सुरू झाली. ऐंशीच्या दशकात आपल्या दूरदर्शनवरही ती लागायची, कुणाकुणाला आठवत असेल. तिच्यातलं यान म्हणजे 'एन्टरप्राइज'. निर्माता जीन रॉडनबेरी याने कलादिग्दर्शक मॅट जेफरीज याला बजावलं होतं, की रॉकेट नको, पंख नकोत, मागून निघणारा जाळ नको. मग उरलं काय? जेफरीज स्वतः विमान उडवणारा, महायुद्धात बॉम्बर विमानांवर काम केलेला. त्याने विचार केला तो अगदी आपल्यासारखा, घर चालवणाऱ्या माणसासारखा! इंजिनं प्रचंड ताकदीची, म्हणजे धोक्याची. मग ती माणसांच्या वस्तीपासून लांब, दोन दांड्यांच्या टोकाला. बिघडली तर काढून दुसरी बसवता येतील. माणसं राहणार पुढच्या मोठ्या थाळीसारख्या भागात. आणि यानाचं बाहेरचं अंग स्वच्छ, गुळगुळीत. का? तर दुरुस्तीची यंत्रं आत असली की कुणाला जीव धोक्यात घालून बाहेर जावं लागणार नाही. पाण्याची मोटर गच्चीच्या कठड्यापलीकडे बसवणाऱ्या आपल्या प्लंबरला हे कुणीतरी सांगायला हवं!

यानाचा नंबर एनसीसी-१७०१. तोही उगाच नाही. ३, ६, ८, ९ हे आकडे घाईत पाहिले तर एकमेकांसारखे दिसतात, म्हणून जेफरीजने ते टाळले. शूटिंगसाठी लाकूड वगैरे वापरून अकरा फुटांहून लांब प्रतिकृती केली. तिच्या डाव्या अंगाला दिव्यांच्या वायरी लोंबत होत्या, त्यामुळे कॅमेरा कायम उजवीकडून! पाहुण्यांना दिसणारी भिंत तेवढी रंगवायची, ही युक्ती आपल्यालाही नवी नाही. आणि दर आठवड्याला एवढं यान नव्या ग्रहावर उतरवून दाखवणं खर्चाचं, म्हणून माणसं क्षणात इथून तिथे पाठवणारं यंत्र कथेत आलं. गरज ही शोधाची जननी म्हणतात ते असं.

हा खर्च सोसला कुणी? देसिलू या स्टुडिओने. आणि त्याची मालकीण होती ल्युसील बॉल, अमेरिकेची लाडकी विनोदी नटी. नवऱ्याशी घटस्फोट झाल्यावर १९६२ साली त्याचा हिस्सा विकत घेऊन तिने स्टुडिओ एकटीने हाती घेतला होता. ही मालिका परवडणार नाही असं स्टुडिओतल्या मोठ्या लोकांचं मत पडलं, तेव्हा ल्युसी मालिकेच्या बाजूने उभी राहिली. ती हटली असती तर एन्टरप्राइज कागदावरच राहिलं असतं.

पण यानात काय चाललं होतं? नमुन्याच्या पहिल्या भागात कप्तानाच्या खालोखाल अधिकार असलेली एक बाई होती. हुशार, थंड डोक्याची. नाव नाही, नुसतीच 'नंबर वन'. वाहिनीने तो भाग नाकारला, दुसरा करायला सांगितला आणि त्यात ही बाई उरली नाही. तिचं काम करणारी मॅजेल बॅरेट मालिकेत परत आली ती नर्स म्हणून. शिवाय यानातल्या कॉम्प्युटरला आवाजही तिचाच! संदेश विभागात मात्र निशेल निकल्स ही कृष्णवर्णीय अभिनेत्री अधिकारी म्हणून बसली. त्या काळात ही मोठी गोष्ट. तिने मालिका सोडायचं ठरवलं तेव्हा खुद्द मार्टिन ल्यूथर किंग यांनी तिला थांबायला सांगितलं. तरी कप्तानाची खुर्ची दूरच. १९६९ च्या अगदी शेवटच्या भागात एक बाई कडवटपणे बोलूनही दाखवते, की यानांच्या कप्तानांच्या जगात बायकांना प्रवेश नाही.

त्याआधी मालिका बंद पडायची चिन्हं होती, तेव्हा ब्यो ट्रिम्बल नावाच्या एका चाहतीने नवऱ्यासह पत्रमोहीम चालवली. वाहिनीकडे पत्रांचा पाऊस पडला आणि तिसरं वर्ष मिळालं. पुढे १९७६ साली नासाच्या पहिल्या स्पेस शटलला 'कॉन्स्टिट्यूशन' नाव द्यायचं घाटत होतं. पुन्हा पत्रं गेली आणि शटलचं नाव झालं 'एन्टरप्राइज'! ते शटल चाचणीपुरतंच होतं, अंतराळात कधी गेलं नाही. पण कल्पनेतल्या यानाने खऱ्या यानाला नाव दिलं. निकल्सचंही तसंच. १९७७ पासून नासासाठी ती गावोगाव फिरली, मुलींना आणि कृष्णवर्णीय मुलांना 'अर्ज करा' म्हणून सांगत राहिली. १९७८ च्या अंतराळवीरांच्या तुकडीत सहा बायका होत्या. १९९२ साली अंतराळात गेलेली पहिली कृष्णवर्णीय स्त्री मे जेमिसन हिनेही लहानपणी निकल्सला पडद्यावर पाहूनच स्वप्न पाहिलं होतं.

मला सगळ्यात भावली ती एन्टरप्राइजची डागडुजी. १९७९ साली मालिकेवर सिनेमा आला. मोठ्या पडद्यावर जुनं यान साधं दिसलं असतं, म्हणून त्याला नवं रूप दिलं. गोल इंजिनं चपटी झाली, दांड्या मागे झुकल्या, अंगावर मोत्यासारखी झाक असलेले रंग चढले. मूळ ठेवण मात्र तीच, लांबून पाहिलं तरी ओळखू यावी अशी. कथेत सांगितलं, की या कामाला अठरा महिने लागले. आणि गंमत बघा, जुना कप्तान कर्क मधली वर्षं ऑफिसात बसून परत येतो, तरुण कप्तानाला बाजूला सारून खुर्चीवर बसतो आणि ऐन संकटात चुकीचा हुकूम सोडतो. कारण नव्या रचनेत शस्त्रांची ताकद इंजिनातून येते, हे त्याला माहीत नसतं. तो हुकूम तरुण डेकर रद्द करतो, म्हणून यान वाचतं. यान आपलं म्हणून चालत नाही, ते आता आतून कसं आहे हेही ठाऊक असावं लागतं. मुलींच्या बाबतीत आपणही असे कर्क होतो का हो? 'मला माझी लेक माहीत आहे' म्हणतो, पण मधल्या काळात तिच्यात कोणती इंजिनं बसली, हे विचारतच नाही.

शिबिरात मी मुलींना एन्टरप्राइजचं चित्र दाखवलं, तेव्हा प्रश्न आले ते असे. "ताई, यात पाणी कुठून येतं?" "संडास तुंबला तर?" "स्वयंपाक कुणाची पाळी?" आणि एक आठवीतली, कायम मागे बसणारी, म्हणाली, "इंजिन उघडायला मला शिकवतील का?" तिला दहावीनंतर आयटीआयला फिटर व्हायचंय. तिची आई मला बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, तुम्हीच सांगा तिला, ते मुलांचं काम. शिवणकामाला घालते मी." शिवणकाम वाईट नाहीच, माझ्या बचत गटातल्या किती घरांना त्याने तारलंय. पण मी त्या माउलीला एवढंच म्हटलं, "तिला हवं असेल तर शिवण शिकू दे. पण आधी फिटरच्या फॉर्मवर सही करा." अजून केलेली नाही. मी दर आठवड्याला त्यांच्याकडे जाते, चहा घेते आणि विषय काढते.

कप्तानाच्या खुर्चीवरची ती तक्रार १९६९ ची. 'स्टार ट्रेक'च्याच 'व्हॉयेजर' या नव्या मालिकेत कॅथरिन जेनवे ही बाई यानाची मुख्य कप्तान झाली १९९५ साली. म्हणजे मधे गेली सव्वीस वर्षं, तीही नुसत्या कथेत, जिथे काहीही घडवायला पैसे नाही तर फक्त कल्पना लागते! आपल्या गावातल्या मुलींपाशी सव्वीस वर्षं नाहीत. दहावीचा निकाल लागला, की आयटीआयचे फॉर्म निघतात आणि भराभर तारखा संपतात. तुमच्या आळीतली कुणी मुलगी पंखा, मिक्सर, सायकल उघडून बसत असेल, तर तिला रागावू नका. एक चांगला स्क्रू-ड्रायव्हर आणून द्या. आणि फॉर्मवर सही लागली तर तिच्या आईबरोबर तुम्हीही जा.