दारू, राग आणि घरातली मारहाण

‘दारू सुटली की मारणे थांबेल’ या भरवशावर अनेक संसार वर्षानुवर्षे रेटले जातात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे आकडे वरकरणी या समजाला दुजोरा देतात. नवरा वारंवार दारू पिऊन झिंगतो अशा बायकांपैकी ७० टक्के जणींनी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसली होती. पण दारूला न शिवणाऱ्या नवऱ्यांच्या बायकांतही हे प्रमाण २३ टक्के निघाले. दारूने मारहाणीचा जोर वाढतो; मारायला कारण मात्र दारूच लागते असे नाही.

‘रागाच्या भरात हात उचलला गेला’ हीही तशीच सबब. हाच माणूस साहेबांची बोलणी मुकाट गिळतो, आणि दाराची बेल वाजली की त्याचा हात थांबतो. राग आवरता येतो. तो कुणापुढे आवरायचा नाही, हेही त्याला पक्के ठाऊक असते.

शिकल्यासवरल्या घरांत हे घडत नाही, हा समजही अर्धाच खरा. त्याच सर्वेक्षणात शाळेत न गेलेल्या स्त्रियांपैकी ४० टक्के जणींनी शारीरिक हिंसा अनुभवली होती, शालेय शिक्षण पूर्ण केलेल्यांपैकी १८ टक्के जणींनी.

‘वळ कुठे दिसत नाहीत’ ही शंका सर्वांत घातक. गळा दाबल्यावर अनेकदा कातडीवर खूण उमटत नाही; आवाज बसतो, गिळताना दुखते, डोळ्यांत रक्ताचे बारीक ठिपके येतात. अमेरिकेतल्या अभ्यासांत, जोडीदाराने पूर्वी गळा दाबलेला असल्यास पुढे त्याच्याच हातून खून होण्याचा धोका कित्येक पटींनी वाढलेला आढळला. ‘पाय घसरून पडले’ म्हणणाऱ्या बाईचे शरीरही बोलते. पडताना माणूस हात टेकतो, त्यामुळे तळवे, मनगट, गुडघे दुखावतात. फटका चुकवायला हात आडवा धरला, तर मार करंगळीच्या बाजूच्या हाडावर बसतो. अशा खुणा ओळखण्याचे शिक्षण रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांना देण्याचे काम वांद्र्याच्या भाभा रुग्णालयातल्या ‘दिलासा’ केंद्राने या शतकाच्या सुरुवातीलाच हाती घेतले.

मग ती घर सोडत का नाही? हा प्रश्न विचारणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही, की ताबा सुटतोय असे वाटताच मारणारा अधिक चवताळतो, त्यामुळे घर सोडण्याचा काळच सर्वाधिक धोक्याचा असतो. त्यात पैसा हाती नसतो, मुलांची शाळा असते, माहेरून ‘जरा सोसून घे’ असा सल्ला येतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हिंसा सोसलेल्यांपैकी ७७ टक्के जणींनी मदत मागितली नव्हती आणि कुणाला सांगितलेही नव्हते.

२६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झालेला कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा फक्त बायकोसाठी आहे, हा आणखी एक गैरसमज. आई, बहीण, मुलगी, लग्नाविना पती-पत्नीसारखी एकत्र राहणारी जोडीदार यांनाही तो संरक्षण देतो. टोमणे, धमक्या, पगार काढून घेणे हेही त्यात हिंसाच ठरते. शिवाय सामायिक घर सासऱ्यांच्या नावावर असले तरी सुनेला तिथे राहण्याचा हक्क मागता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले.