नोटेवरचा हिरवा निळा कसा होतो?

रंग म्हटला की आपल्याला रंगद्रव्य आठवते. हळदीतील द्रव्य प्रकाशाचा काही भाग शोषून घेते, उरलेला परतवते आणि हळद पिवळी दिसते. परंतु पावसाळ्यात रस्त्यावरील डबक्यात डिझेलचा थेंब पसरला की मोरपिसासारखे रंग उमटतात. डिझेलमध्ये तर हे रंग नसतात. मग ते येतात कोठून?

उत्तर तवंगाच्या जाडीत आहे. प्रकाश तरंगरूपाने प्रवास करतो. जांभळ्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ४०० नॅनोमीटर, तर तांबड्याची सुमारे ७०० नॅनोमीटर असते. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. तवंगावर पडलेल्या प्रकाशाचा काही अंश वरच्या पृष्ठभागावरून परततो, काही आत शिरून खालच्या पृष्ठभागावरून परततो. आत गेलेला अर्थातच मागे पडतो. एखाद्या रंगाच्या या दोन तरंगांची शृंगे जुळली तर तो रंग उजळतो. एकाच्या शृंगावर दुसऱ्याचे गर्त आले तर तो मावळतो. यालाच व्यतिकरण म्हणतात. जाडी जागोजागी बदलते, म्हणून उजळणारा रंगही बदलतो. न्यूटनने अशा रंगीत कड्यांची बारकाईने मोजमापे घेतली होती. तथापि तरंगांच्या आधारे त्यांचा उलगडा टॉमस यंगने १८०१ साली रॉयल सोसायटीपुढे मांडला.

हा विज्ञान शाखेचा प्रांत, वाणिज्याच्या विद्यार्थ्याचे येथे काय काम, असे कोणी म्हणेल. त्याने पाचशेची नोट हाती घ्यावी. २०१६ पासूनच्या नव्या मालिकेतील या नोटेवर दर्शनी बाजूस खाली उजवीकडे छापलेला आकडा समोरून हिरवा दिसतो आणि नोट कलती केली की निळा होतो. हा गुण रंगबदल्या शाईचा.

अशा शाईच्या एका प्रचलित प्रकारात अतिसूक्ष्म चकत्या मिसळलेल्या असतात. मध्ये ॲल्युमिनियमचा आरसा, त्याच्या दोन्ही बाजूंस मॅग्नेशियम फ्लोराइडचा पारदर्शक थर आणि सर्वांत बाहेर क्रोमियमचा इतका पातळ थर, की त्यातून थोडा प्रकाश आरपार जावा. दोन्ही बाजू सारख्याच, म्हणून चकती उताणी पडो वा पालथी, काम तेच. काही प्रकाश क्रोमियमवरून परततो, काही आरशावरून. पुढची गोष्ट तवंगासारखीच. फरक इतकाच, की येथे पारदर्शक थराची जाडी ठरवून राखलेली असते.

नोट कलती केली की प्रकाशाला थरातून तिरपे जावे लागते. मग त्याची पिछाडी वाढेल, असे वाटते. प्रत्यक्षात ती घटते. कारण वरून परतणाऱ्या किरणालाही तेवढ्यात बाहेर हवेत जादा अंतर तोडावे लागते. पिछाडी घटली की जुळणारी तरंगलांबीही घटते. हिरव्याहून कमी तरंगलांबी निळ्याची. म्हणून अशा शाईत हिरव्याचा निळा होतो, तांबडा होत नाही.

रंगीत छायाप्रत काढणारे यंत्र येथेच थकते. ते एका कोनातून दिसलेला रंग टिपते आणि साध्या शाईने उतरवते. त्या प्रतीवरचा हिरवा कसाही कलवला तरी हिरवाच राहतो. चमचमणारी शाई वापरली, तर आकडा नुसता चमकेल. परंतु चमकणे वेगळे आणि रंग पालटणे वेगळे.

हा फरक ओळखणे खिशाच्या हिताचे आहे. खोटी नोट बँकेत गेली तर बँक ती जप्त करते, तिच्यावर शिक्का मारते आणि तिचा मोबदला देत नाही. ज्याच्या हाती ती शेवटी आली, त्याचे पाचशे रुपये बुडाले. तेव्हा नोट घेतानाच उजेडात एकदा कलती करावी. आकड्याबरोबर सुरक्षा धागाही हिरव्याचा निळा होतो का, ते पाहावे. केवळ रंगावर विसंबू नये, जलचिन्हही तपासावे. या सगळ्याला वेळ किती लागतो? सुटे पैसे मोजायला लागतो, त्याहून कमीच.