रंगाआधीची भिंत

दसरा झाला की घरोघर दिवाळीच्या रंगाची चर्चा सुरू होते. सगळ्यांचे डोळे शेडकार्डावर. मला मात्र खरं नवल वाटतं ते मागच्या भिंतीचं.

इमल्शनचा एक हात वाळला की उरतो जेमतेम 30-40 मायक्रॉनचा थर, माणसाच्या केसाहूनही पातळ. आणि त्याच्यामागे असते चार महिने पाऊस प्यायलेली भिंत! विटांत आणि गिलाव्यात अतिसूक्ष्म छिद्रांचं जाळं असतं. त्यातून पाणी चक्क वर चढतं आणि वाटेतले क्षार विरघळवून सोबत घेतं. पाऊस सरल्यावर पाणी हवेत उडून जातं, क्षार मागे राहतात. हाच तो पांढरा लोणा. हे क्षार पृष्ठभागाच्या जरा आत साठले, तर वाढत्या स्फटिकांच्या दाबाने गिलावा आतून फुटतो. मिठाच्या कणांत एवढी ताकद! म्हणून लोणा आधी कोरड्या ब्रशने झाडावा. पाणी मारलं की तो विरघळून पुन्हा आत शिरतो. आणि ओल कुठून येते हे सापडेपर्यंत रंगाचा डबा उघडूच नये. भिंतीवर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करून दिवसभर ठेवा. आतून थेंब जमले, तर भिंत अजून ओली आहे.

नव्या गिलाव्याची गोष्ट वेगळीच. ताज्या सिमेंटचा सामू 12-13 असतो. त्यावर घाईने ऑइल पेंट लावला, तर ओलाव्यात अल्कली आणि तेल यांचा चक्क साबण होतो! रंग चिकट होतो, सुटतो. म्हणून निदान 28 दिवस थांबायचं, मग अल्कली सोसणारा प्रायमर.

जुन्या डिस्टेंपरवर तळहात फिरवून पाहा. पांढरा झाला, तर नवा रंग भिंतीला न धरता त्या भुकटीला धरेल आणि तिच्यासकट पोपडे होऊन पडेल. तेव्हा खरवडणं आलंच. घर जुनं असेल तर जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं. तो कोरडा घासू नका आणि मुलांना त्या धुळीपासून दूर ठेवा.

लांबी भरून घासल्यावर दिवा भिंतीला लगटून तिरपा धरायचा. समोरून न दिसणारा प्रत्येक उंचवटा आपली सावली टाकतो. शेवटी धूळ पुसून प्रायमर. लांबी भरलेली जागा आणि उघडा गिलावा रंग सारखा पीत नाहीत. प्रायमर त्यांची तहान सारखी करतो, म्हणूनच वरचा रंग एकसंध दिसतो.