दगडाआधी जमीन

मंडळी, दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आलेल्या बऱ्याच जणींनी स्वयंपाकघरातल्या नव्या स्लेटच्या फरशीचं कौतुक केलं होतं. पुढच्या संक्रांतीला त्याच फरशीवर मी सतरंजी घातली होती. ती का, ते आज सांगून टाकते.

ओट्यापासून डायनिंगच्या दारापर्यंत सरळ रेषेत भेग गेली होती. ग्राउट तर हिवाळ्यातच पावडर होऊन निघायला लागलं. बसवणाऱ्याने जुन्या प्लायवूडवरच दगड चिकटवला होता आणि पैसे वाचले म्हणून आम्हीही खूश!

उन्हाळ्यात सोलापूरहून सासरे आले. त्यांनी किल्लीने एकेक फरशी वाजवून पाहिली आणि म्हणाले, "सूनबाई, दगड चांगला आहे, जमीन झुलतेय तुमची."

खरंच होतं. आपल्याकडे शहाबादी फरशी मुरूम टाकून, पाणी मारून, धुमसाने चोपलेल्या जमिनीवर नाहीतर स्लॅबवर बसते. खालचं काही हलतच नाही. इथल्या घरांत मात्र फरशीखाली जॉइस्ट, म्हणजे लाकडी तुळया. त्या वाकतात. साधी सिरॅमिक टाइल थोडं सोसते, दगड सोसत नाही. म्हणून टाइल कौन्सिल ऑफ नॉर्थ अमेरिकेच्या हस्तपुस्तकात वेगळा हिशेब आहे: सिरॅमिकसाठी तुळई आपल्या लांबीच्या ३६०व्या भागापर्यंत वाकली तर चालते, नैसर्गिक दगडासाठी ७२०व्या भागापर्यंतच. म्हणजे १५ फुटी तुळईला अर्ध्याऐवजी फक्त पाव इंच. त्यात अर्धा इंच जाडीचा संगमरवर चौरस फुटाला सुमारे ७ पौंड भरतो. १०० चौरस फुटांत ७०० पौंड झाले, फ्रिज वेगळाच!

तेव्हा दुकानात दगड पसंत करण्याआधी बेसमेंटमध्ये जा. तुळयांची उंची, जाडी, एकमेकींतलं अंतर आणि आधारापासून आधारापर्यंतची लांबी मोजा आणि जाणकाराला दाखवा. आमच्या ह्यांनी प्रत्येक तुळईला तेवढ्याच उंचीची दुसरी तुळई ग्लू आणि बोल्टने जोडली. चार शनिवार गेले. मग वर प्लायवूडचा दुसरा थर (दगडाखाली दोन थर लागतात), आणि त्यावर थिनसेट पसरून सिमेंट बोर्ड. सिमेंट बोर्डाने जमीन ताठ होते असा आमचा समज होता, तो साफ चूक. तो फक्त थिनसेटला धरायला चांगला पृष्ठभाग देतो.

जमीन सपाटही हवी. १५ इंचांपेक्षा मोठ्या फरशीला १० फुटांत १/८ इंचाहून जास्त चढउतार चालत नाही.

घर १९८०च्या आधीचं असेल तर आणखी एक. जुनं लिनोलियम उचकटल्यावर खाली ९ इंची चौकोनी टाइल किंवा काळा डिंक दिसला, तर खरवडू नका, सँडर तर मुळीच लावू नका. त्यात अॅस्बेस्टॉस असू शकतो. तुकडाही स्वतः तोडू नका, माहितगाराकडून नमुना घेऊन लॅबमध्ये तपासून घ्या. पोरं घरात असताना हा धोका कशाला?

बेसमेंटच्या काँक्रीटवर दगड घालायचा असेल तर दीड फूट चौरस प्लास्टिक चारी बाजूंनी टेपने चिकटवून दिवसभर ठेवा. खाली पाण्याचे थेंब दिसले, तर आधी ओल कुठून येते ते शोधा.

भिंतींचं थोडक्यात: शॉवरमध्ये हिरव्या ड्रायवॉलवर दगड लावू नये. सिमेंट बोर्ड लावा, पण त्यातूनही पाणी झिरपतं, म्हणून त्यावर वॉटरप्रूफिंगचा थर हवाच. फिक्या संगमरवराला पांढरं थिनसेट वापरा, करड्याची छाया वर दिसते.

दुसऱ्यांदा घातलेल्या फरशीला आता दीड वर्ष झालं. सासरे दर रविवारी फोनवर विचारतात, "वाजवून पाहिलीस का?"

आमची १० फुटी पट्टी आणि दगड कापायची वेट सॉ गराजमध्ये पडून आहे. ज्यांना हवी त्यांनी खुशाल न्यावी, परत आणताना चिखल तेवढा धुऊन आणावा.