हजार डेनियरचा पट्टा

सुरतेच्या लिंबायत-उधन्यातल्या लूमवाल्याला डेनियर समजावून सांगावं लागत नाही. नऊ हजार मीटर धागा तोलला आणि पन्नास ग्रॅम भरला, की तो पन्नास डेनियर. खानदेशातून सुरतेत आलेली कितीतरी घरं पिढ्यान्‌पिढ्या या धाग्यावरच जगली. त्याच घरांतली मुलं सुट्टीत सापुताऱ्याकडे निघतात. तिथं किंवा दुसऱ्या एखाद्या डोंगरावर झिपलाइन, म्हणजे लटकून घसरत जायची वायर, दिसली, की कमरेला-मांड्यांना हार्नेसचे पट्टे आवळून रांगेत उभी राहतात. खाली थांबलेल्या आईबापांची नजर मात्र वायरवर. ती तुटली तर?

नीट बसवलेली वायर सहसा तुटत नाही. बारा मिलिमीटर जाडीची पोलादी वायर तुटायला आठेक टनांचा ताण लागतो, आणि तिला लटकणारा माणूस असतो ऐंशी किलोचा. पण त्या ऐंशीचे वायरमध्ये किती होतात, ते घरातल्या वलणीला विचारावं. दोरी ढिली बांधून मधोमध ओली गोधडी टाका, खुंट्या जागच्या हलत नाहीत. तीच दोरी तारेसारखी ताणून बांधा, गोधडी पडताच खुंटी भिंतीतून उपटून हातात येईल. दोरी जितकी आडवी, तितका तिच्या ओढीतला वर उचलणारा वाटा कमी. मग वजन तोलायला तिला कितीतरी जास्त ओढावं लागतं. शंभर मीटरच्या वायरला मध्ये तीन मीटर झोल असेल, तर ऐंशी किलोचा माणूस मधोमध आल्यावर सुमारे पावणेसातशे किलोचा ताण पडतो. झोल एकच मीटर ठेवला, तर तोच माणूस दोन टनांचा होतो. वायरचं स्वतःचं वजन आणि आधीचा ताण यात धरलेलाच नाही. म्हणजे मध्ये खाली आलेली वायर बघून घाबरू नये. कौतुकानं ताणलेली दिसली, तर मात्र चौकशी करावी.

दुसरा हिशेब थांबण्याचा. सुटताना आणि पोचताना उंचीत दहा मीटरचा फरक असेल आणि घर्षण, वारा बाजूला ठेवला, तर वेग ताशी पन्नास किलोमीटरवर जातो. तो दहा मीटरांत मारला, तर अंगावर आपल्या वजनाइतकाच जोर येतो. एका मीटरात मारला, तर दहापट. म्हणून झिपलाइनला मुख्य ब्रेक तर लागतोच, शिवाय तो फसला तर आपोआप चालणारा दुसराही लागतो. ब्रेक म्हणून पलीकडे हात पसरून उभा असलेला पोरगा आणि झाडाला बांधलेली गादी एवढंच दिसलं, तर तिकिटाचे पैसे सोडून परत फिरावं, हे माझं मत.

आता पट्टा. साडीचा धागा पन्नास-पाऊणशे डेनियरचा. हार्नेसच्या पट्ट्याला साधारण हजार डेनियरचा लागतो. रसायन तेच पॉलिएस्टर, पण या धाग्याच्या साखळ्या लांब असतात आणि गरम करून इतक्या ओढलेल्या, की त्या एका दिशेत शिस्तीत बसतात. साडीचा धागा दर डेनियरला चार-पाच ग्रॅम तोलतो, हा आठ-नऊ. हजार डेनियरचा एकच धागा आठ किलो उचलतो. असे तीनशे ताणे पट्ट्यात भरा, दोन टनांच्या वर जाल. नायलॉनही चालतं, पण ते पाणी पितं आणि ओलं झालं की काही ताकद गमावतं. पॉलिएस्टर जवळजवळ कोरडंच राहतं.

त्याचा शत्रू सुरतेच्या प्रोसेस हाउसमध्येच भेटतो. साडीला रेशमासारखा मऊपणा यावा म्हणून कापड गरम कॉस्टिक सोड्यात घालतात. त्याला तिथं वेट रिडक्शन म्हणतात: सोडा धाग्याची कात खातो, धागा बारीक होतो, कापड अंगावर छान पडतं. साडीची ही कमाई पट्ट्याला घात. म्हणून हार्नेस धुवायचा तो कोमट पाण्यात, सौम्य साबणानं, आणि वाळवायचा सावलीत. उन्हातली अतिनील किरणं त्याच साखळ्या तोडतात. रंग उडतो, पट्टा ताठर होतो, कडेला केसाळ भुरकी येते. शिलाईचा दोरा पट्ट्याहून वेगळ्या रंगाचा असतो, तो शोभेसाठी नव्हे. लाल टाका काळ्या पट्ट्यावर तुटला, तर लांबूनही दिसावा.

पट्टा वायरला अडकवणाऱ्या कड्याचं, म्हणजे कॅराबिनरचंही असंच. कॅराबिनरवर आकडे कोरलेले असतात. युरोपीय मानकातल्या साध्या कॅराबिनरला तोंड बंद असताना लांबीच्या दिशेनं २० किलोन्यूटन, म्हणजे दोन टन, पेलावे लागतात. तोंड उघडं राहिलं, तर सातच. तोंड बंद ठेवणारा स्क्रू फिरवायला दोन सेकंद लागतात.

आणि लहान मुलाला नुसता कमरपट्टा पुरत नाही. मुलांचे नितंब अजून अरुंद असतात; उलटं झालं तर पट्ट्यातून मूल सटकतं. त्यांना खांद्यावरूनही येणारा पूर्ण हार्नेस हवा.

गेल्या काही वर्षांतल्या दोन बातम्या शेजारी ठेवाव्यात. जून २०२५ मध्ये मनालीत नागपूरच्या कुटुंबातली एक मुलगी झिपलाइनवरून खाली आपटली आणि जबर जखमी झाली. पट्टा तुटल्याचं छापून आलं. त्याआधी एप्रिलमध्ये भोर तालुक्यात एक तरुणी झिपलाइनच्या तयारीत असतानाच मचाणावरून पडून मरण पावली. तिथं वायरचा, पट्ट्याचा प्रश्नच आला नाही. ती अजून अडकवलेलीच नव्हती. मचाणावर पाऊल टाकण्याआधीच एक हुक लागलेला असावा आणि वायरवर जाईपर्यंत एक तरी लागलेला राहावा, एवढ्यासाठीच लॅनयार्डला, म्हणजे हार्नेसला जोडलेल्या दोरीला, दोन कडी असतात. साहसी उद्यानांसाठीच्या युरोपच्या ईएन १५५६७ मानकाचा दुसरा भाग तर निव्वळ चालवण्याच्या पद्धतीवर आहे. महाराष्ट्राच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानं असे खेळ चालवणाऱ्यांना नोंदणी सक्तीची केली. तिकीट काढताना नोंदणीचा कागद मागितला, तर कुणी मारत नाही.

बहुतेक उत्पादक कापडी सामानाला जास्तीत जास्त दहा वर्षं देतात, आणि रोज उन्हात वापरलं तर त्याहून पुष्कळ कमी. मुदत संपलेला हार्नेस कुणी पुन्हा घालू नये म्हणून आधी कात्रीनं कापायचा आणि मगच टाकायचा. आपल्याकडे हे जिवावर येतं. खानदेशी आजी फाटक्या लुगड्यालाही कात्री लावताना त्याची गोधडी करण्यासाठीच लावते, आणि सुरतेत चिंधीलाही गिऱ्हाईक असतं. धडधाकट दिसणारा, बकलं चकाकणारा पट्टा कापताना हात अडतो. मग तो खोलीतल्या खिळ्यावर टांगला जातो, आणि दिवाळीच्या गर्दीत सामान कमी पडलं, की खाली उतरतो.