चुकीची भरपाई पगारातून
पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके २०२३ मध्ये छिंदवाड्यापासून वेगळे होऊन त्यांचा पांढुर्णा जिल्हा झाला. बोरगावच्या कारखान्यांपासून संत्र्यांच्या व्यापारापर्यंत इथे मजुरी करणारे अनेक आहेत, आणि ‘नुकसान झालं, पगारातून कापतो’ हे वाक्य कामगाराला कुठेही ऐकू येऊ शकते. कायदा मात्र मालकाला इतकी मोकळीक देत नाही.

आधी १९३६ चा वेतन प्रदान कायदा होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी वेतन संहिता, २०१९ आली. कपातीला परवानगी आहे, पण ती कामगाराच्या स्वाधीन स्पष्टपणे सोपवलेल्या मालाच्या नुकसानीपुरती, किंवा ज्या पैशांचा हिशेब त्याने द्यायचा ते कमी भरले तर. तेही थेट त्याच्या हलगर्जीने घडलेले असावे लागते. जुने यंत्र बिघडले किंवा संत्र्यांचा भाव पडला, तर तो धंद्याचा धोका. कामगाराच्या खिशाचा नव्हे.

कापण्याआधी त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते, आणि नुकसानीपेक्षा एक रुपयाही जास्त कापता येत नाही. दंड ही निराळी गोष्ट. तो पगाराच्या ३ टक्क्यांपर्यंतच, म्हणजे १२,००० रुपयांवर ३६० रुपये. सगळ्या कपाती मिळून निम्म्या पगारापलीकडे जात नाहीत. बेकायदा कपातीविरुद्ध ३ वर्षांच्या आत दावा करता येतो आणि पैसे दिल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर असते.