कोयनेचे पाणी : पश्चिमेला वीज, पूर्वेला शेती

सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यात असलेल्या कोयना धरणाची साठवण क्षमता १०५.२५ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट आहे. या साठ्यातील पाणी दोन विरुद्ध दिशांना जाते आणि उन्हाळ्यात त्याच्या वाटपाचा प्रश्न दरवर्षी नव्याने उभा राहतो.

कोयना नदी कराड येथे कृष्णेला मिळते. वीजनिर्मितीसाठी मात्र शिवसागर जलाशयातील पाणी सह्याद्रीच्या पोटातील बोगद्यांमधून पश्चिमेकडे, कोकणच्या बाजूला वळविले जाते. तेथे साडेचारशे मीटरहून अधिक उंचीवरून पडणाऱ्या या पाण्यावर पोफळी परिसरातील भूमिगत वीजगृहे चालतात. त्यानंतर ते कोळकेवाडी धरणात साठविले जाते, त्यावर पुन्हा वीज तयार होते आणि हे अवजल अखेर वाशिष्ठी नदीत सोडले जाते. प्रकल्पाची एकूण क्षमता १,९६० मेगावॉट आहे. त्यापैकी पूर्वेकडे पाणी सोडणाऱ्या धरण पायथा वीजगृहाचा वाटा केवळ ४० मेगावॉट आहे.

पश्चिमेला उतरलेले पाणी कृष्णा खोऱ्यात परत येत नाही. त्यामुळेच कृष्णेच्या पाण्याची राज्यांमध्ये वाटणी करताना बच्छावत लवादाने १९७६ च्या निवाड्यात कोयनेतून पश्चिमेकडे वळवावयाच्या पाण्यावर वार्षिक ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली. या पाण्याचा हिशेब १ जून ते ३१ मे असा ठेवला जातो.

जलविद्युत संच काही मिनिटांत सुरू करता येतात. औष्णिक संचांना त्यासाठी बराच अधिक वेळ लागतो. त्यामुळे विजेची मागणी शिगेला पोहोचते, त्या वेळी कोयनेचा मोठा आधार असतो. मात्र हा कोटा आधीच अधिक खर्ची पडला, तर एप्रिल-मेमध्ये, मागणी सर्वाधिक असतानाच, निर्मितीवर बंधने येतात.

त्याच महिन्यांत सांगली जिल्ह्यातील दुष्काळी तालुक्यांना टेंभू, ताकारी आणि म्हैसाळ या उपसा योजनांसाठी कृष्णेत पाणी हवे असते. नदीतील प्रवाह तेव्हा मोठ्या प्रमाणात कोयनेच्या विसर्गावर अवलंबून असतो. पावसाळ्यात धरण पूर्ण भरले नाही, तर विजेसाठी राखलेल्या पाण्यात कपात करून ते सिंचनाला व पिण्यासाठी द्यावे, ही मागणी तीव्र होते. लवादाचा आकडा ही कमाल मर्यादा आहे. तेवढे पाणी विजेला मिळेलच, अशी हमी नव्हे. प्राधान्य ठरविण्याची जबाबदारी राज्य शासनावर येते.

म्हणूनच कोयनेची स्थिती समजून घेताना धरणातील साठ्याबरोबर पश्चिमेकडील कोट्यातील शिल्लक आणि ३१ मेपर्यंत उरलेले दिवस पाहणेही आवश्यक ठरते.